खेळाचा तास आणि उरलेला गडी

शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून दोनतीनदा ‘खेळ’ हा शब्द लिहिलेला असतो. या तासाला पाठ्यपुस्तक नाही, म्हणून तो सर्वांत सोपा समजला जातो. त्याची परीक्षा नाही, म्हणून गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच कोसळते. जेथे तो टिकून राहतो तेथेही पुष्कळदा एवढेच घडते, की शिक्षक एक चेंडू मैदानात टाकतात, दहाबारा चपळ मुले त्याच्यामागे धावतात आणि उरलेली तीसचाळीस मुले कडेच्या झाडाखाली गप्पा मारीत बसतात. घंटा वाजते, हजेरीपटावर सर्वांनी खेळाचा तास केल्याची नोंद होते. वस्तुतः पन्नास मुले, एक चेंडू, एक शिक्षक आणि चाळीस मिनिटे हे शाळेतील अत्यंत अवघड उदाहरणांपैकी एक आहे. आणि त्याचे उत्तर काढावयाचे, तर क्रीडास्पर्धा आणि खेळाचा तास यांतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

या भेदाचा विचार करण्यास जबलपूरसारखे दुसरे योग्य शहर सापडणे कठीण. नर्मदेच्या या परिसरात १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांचा अंमल आला. १७९८ मध्ये तो प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. पुढे १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग याच शहरात जोडला गेला. मराठी कुटुंबे कधी कारभाराच्या, कधी रेल्वेच्या, कधी कचेरीच्या, तर कधी शाळामास्तरकीच्या निमित्ताने येथे आली व स्थिरावली. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते, त्यामुळे शिक्षकांची आणि शिक्षणविषयक कल्पनांची ये-जा सहज होत असे. घरी मराठी व शाळेत हिंदी बोलणाऱ्या येथील मुलाला घरची ‘लगोरी’ शाळेत ‘पिट्ठू’ या नावाने भेटते, विटीदांडूचा ‘गिल्ली-डंडा’ होतो. खोखो, कबड्डी आणि लंगडी यांना मात्र नावही बदलावे लागत नाही. भाषांच्या सीमेवरून खेळ किती सहजपणे ये-जा करतात, हे येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

याच शहरी १९०८ मध्ये रूपसिंग जन्मले. ध्यानचंदांचे हे धाकटे बंधू. १९३२ च्या लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत भारताने अमेरिकेचा २४ विरुद्ध १ असा पराभव केला, त्या सामन्यात एकट्या रूपसिंगांचे दहा गोल होते. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्येही ते खेळले. आणि त्याच वर्षी त्याच बर्लिन नगरीत, तेव्हाच्या मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतातून आणखी एक पथक गेले होते. ते अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या तरुणांनी तेथे भारतीय व्यायामप्रकारांची व खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्यांना पदक मिळावयाचे नव्हते. सर्वसामान्य माणसाला, साधनांवाचून, समूहाने करता येतील असे शरीरश्रम भारतात आहेत, एवढेच त्यांना जगाला दाखवावयाचे होते. खेळाच्या या दोन्ही बाजू आदरास पात्र आहेत. पहिलीत हजारांतून अकरा निवडावे लागतात. दुसरीत हजारांच्या हजारांना सामावून घ्यावयाचे असते. शाळेचा तास स्वभावतः दुसऱ्या बाजूचा आहे. दुर्दैव असे, की पुष्कळ ठिकाणी तो पहिल्या बाजूच्या नियमांनी चालविला जातो.

याचे मूळ थोडे मागे आहे. स्वीडनमध्ये लिंग याने १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामाची मध्यवर्ती संस्था काढली आणि शास्त्रशुद्ध कवायतीची पद्धत रूढ केली. इंग्लंडमार्गे ती हिंदुस्थानात आली तेव्हा तिच्यातले शास्त्र विरळ होत गेले आणि हुकूम तेवढा उरला. पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार शाळेत ड्रिलमास्तर म्हणून येई आणि मुले ‘सावधान’, ‘विश्राम’ करीत उभी राहत. १९२० मध्ये हॅरी बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले, त्यानंतर कवायतीच्या जोडीला खेळ आले. मुंबई इलाख्यात १९३७ च्या सुमारास स्वामी कुवलयानंदांच्या नेतृत्वाखाली या विषयाचा पद्धतशीर विचार झाला. स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने तर अशी शिफारस केली, की चाळीस वर्षांच्या आतील सर्व शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या शारीरिक कार्यक्रमांत स्वतः भाग घ्यावा. १९५७ मध्ये ग्वाल्हेरला लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उघडले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवे आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य मिळावयास हवे, असे स्पष्ट नमूद आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील, तेथे आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षकाचीही तरतूद आहे. म्हणजे कागदावर आता उणीव फारशी नाही. पण कायदा मैदान देऊ शकतो. त्या मैदानावरील चाळीस मिनिटे कशी जावीत, हे शिक्षकालाच ठरवावे लागते.

प्रथम साधा हिशेब मांडावा. चाळीस मुलांत एक चेंडू असेल आणि तो अगदी न्यायाने वाटला गेला, तरी चाळीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला एकच मिनिट येते. प्रत्यक्षात न्याय होत नाहीच. धीट मुलाला पाच मिनिटे मिळतात आणि भिडस्ताला एकही नाही. तेच चार चेंडू आणून दहादहांचे गट केले, की वाटा चौपट होतो. शर्यतीचेही तसेच. दहा मुलांची रांग करून एकेकाला पळावयास लावले, तर प्रत्येक मूल दहापैकी नऊ भाग वेळ उभे असते. पाचांच्या आठ रांगा केल्या, की पळण्याचा वेळ दुप्पट होतो आणि खर्च काहीच वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल हवी. ज्या मुलाला घरी अंगण नाही व सायंकाळी शिकवणी आहे, त्याच्या दृष्टीने शाळेतील ही चाळीस मिनिटेच काय ती असतात. तो ती झाडाखाली बसून घालवीत असेल, तर त्याचे नुकसान मोठे आहे.

दुसरा प्रश्न ‘बाद’ होण्याचा. पुष्कळ खेळांत जो दुबळा तो आधी बाद होतो, आणि जो बाद होतो तो बाहेर बसतो. परिणाम असा, की ज्याला व्यायामाची सर्वांत अधिक गरज, त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. या प्रश्नाचे उत्तर आपल्या कबड्डीने फार पूर्वी दिले आहे. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडूडू, मद्रासकडे चेडुगुडु अशा नावांनी हा खेळ चाले आणि त्याचे तीन प्रकार प्रचलित होते. ‘गामिनी’ प्रकारात बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला, की आपला एक गडी जिवंत होऊन आत येई. आणि ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नसे. प्रतिपक्षाला गुण मिळे आणि खेळ पुढे चाले. स्पर्धांसाठी संजीवनी स्वीकारली गेली, तेच योग्य होते. तिच्यात चढउताराची रंगत आहे. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई सामन्यांत गेलेली कबड्डी याच पद्धतीची. परंतु शाळेच्या तासासाठी ‘अमर’ हाच प्रकार उचित होय. त्यात सात-सातांचे दोन संघ पूर्ण वेळ आत राहतात. फक्कीने तीन मैदाने आखली, तर बेचाळीस मुले एकाच वेळी खेळू शकतात, आणि फक्कीवाचून दुसरे साहित्य लागत नाही.

खोखोची रचना तर याहून विचार करण्याजोगी आहे. नऊ जणांच्या संघातील आठ जण एका ओळीत, एकाआड एक उलट दिशांना तोंडे करून बसतात, नववा पळतो. पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. मग पलीकडे पळालेला गडी पकडावयाचा कसा? बसलेल्या सोबत्याच्या पाठीमागे जाऊन त्याला ‘खो’ देऊनच. म्हणजे कितीही वेगवान मुलगा असो, नियमच त्याला सांगतो की आता आपली पाळी दुसऱ्याला दे. संथ पळणारे मूलही योग्य क्षणी खो देऊन संघाच्या उपयोगी पडते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत विजयी झाला. ही आनंदाचीच गोष्ट. मात्र वर्गात खोखो घेताना शिक्षकाने एक ध्यानात ठेवावे. स्पर्धेत बचाव करणारे गडी तीनतीनच्या तुकडीने आत येतात आणि बाकीचे वाट पाहत बसतात. वर्गात डाव लहान करावेत व तुकड्या भराभर बदलाव्यात, म्हणजे ही प्रतीक्षा कमी होते.

नियमांत असा फेरफार केला तर खेळ ‘खरा’ राहत नाही, असे काही क्रीडाशिक्षकांना वाटते. त्यांनी बास्केटबॉलचा जन्म आठवावा. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकापुढे अठरा विद्यार्थ्यांचा एक कंटाळलेला वर्ग होता. बाहेर हिवाळा, आत बंद व्यायामशाळा. त्याने फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या, तेरा नियम लिहिले, नऊ-नऊ असे दोन संघ केले आणि सर्व वर्ग खेळू लागला. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, होल्योक येथे विल्यम मॉर्गनने पाहिले, की प्रौढ वयाच्या गृहस्थांना हा नवा खेळ झेपत नाही. तेव्हा त्याने जाळे बांधून व्हॉलीबॉल तयार केला. आज जगभर खेळले जाणारे हे दोन्ही खेळ एका शिक्षकाने आपल्यासमोरील माणसांची गरज ओळखून काढले. पुढे स्पर्धांनी त्यांचे नियम पक्के केले. जबलपूरच्या किंवा जालन्याच्या शिक्षकाने आपल्या वर्गासाठी एखादा नियम बदलला, तर तो नेस्मिथच्याच वाटेने जात असतो.

तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न संघ पाडण्याचा. दोन नायक पुढे उभे राहतात आणि आळीपाळीने एकेकाचे नाव घेतात. चांगले गडी आधी जातात. ओळ लहान होत जाते. शेवटी एक मूल उरते. मग दोन्ही नायक म्हणतात, ‘हा तुम्ही घ्या.’ ते मूल लठ्ठ असेल, चष्म्याचे असेल, नवीन आलेले असेल किंवा एका पायाने अधू असेल. खेळ सुरू होण्यापूर्वीच त्याला आपली किंमत सर्वांसमक्ष कळलेली असते. दर आठवड्याला तीनदा, वर्षानुवर्षे हे घडले, तर त्या मुलाच्या मनात खेळाविषयी प्रीती कशी निर्माण व्हावी? प्रौढपणी जी माणसे व्यायामाचे नाव काढताच अंग चोरतात, त्यांच्यापैकी कित्येकांचा हा संकोच कदाचित अशाच एखाद्या मैदानावर जन्मला असेल.

याही बाबतीत आळीतल्या मुलांची जुनी रीत शाळेपेक्षा शहाणी होती. तेथे आधी जोड्या पडत. साधारण सारख्या ताकदीची दोन मुले एकमेकांच्या गळ्यात हात घालून बाजूला जात, कानात कुजबुजून दोन गुप्त नावे घेत आणि परत येऊन नायकांना विचारीत: कोणाला हवा सूर्य, कोणाला हवा चंद्र? नायक नाव निवडी. त्या नावामागे कोण आहे हे त्याला ठाऊक नसे. अशा रीतीने दोन्ही संघ समतोल होत आणि कोणीही ‘उरलेला’ ठरत नसे. अगदी लहान भावंडालाही घरी पाठवीत नसत. ते ‘लिंबूटिंबू’ किंवा ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात असे. ते धावे, ओरडे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. स्पर्धा आणि समावेश यांचा मेळ कसा घालावा, हे ज्ञान कोणत्याही प्रशिक्षणावाचून या मुलांपाशी होते. शाळेने ते अधिक सौजन्याने वापरावे. मोठ्या मुलाला लिंबूटिंबू म्हणणे अर्थातच क्रूरपणाचे होईल. पण त्याला एक अधिक संधी देणारा नियम सर्वांसाठीच करता येतो. जोड्या पाडण्यास वेळ नसेल, तर एक ते चार आकडे म्हणावयास लावून गट करावेत, आणि ते दर तासाला बदलावेत.

खेळांची निवड करतानाही याच दृष्टीने पाहता येते. ‘विषामृत’ या खेळात ज्याला विष मिळाले तो जागीच खिळतो आणि सोबत्याने स्पर्श करून अमृत दिले की पुन्हा धावू लागतो. येथे पराक्रम पळून जाण्यात असतो, तसाच मागे वळून सोडविण्यातही असतो. साखळीच्या खेळात पकडला गेलेला पकडणाऱ्यांचा हात धरतो, म्हणून कोणी बाहेर बसत नाही. लगोरीत एक जण चेंडूचा मार चुकवीत प्रतिपक्षाला गुंतवून ठेवतो, तेव्हाच दुसरा चपट्या दगडांची उतरंड रचू शकतो. रचणाऱ्याचे हात स्थिर हवेत, पाय मंद असले तरी चालते. आट्यापाट्यांत सूरपाटी धरणारा, आडव्या पाट्या अडविणारे आणि त्यांना हुलकावणी देणारे अशी कामे निरनिराळी आहेत आणि प्रत्येकाच्या अंगच्या गुणाला वाव आहे. ज्या मुलाला मुळीच धावता येत नाही, त्याच्याकडे गुणलेखन किंवा पंचाचे काम द्यावे. मात्र ते नेहमीसाठी त्याच्या गळ्यात बांधू नये. बसून खेळावयाचा चेंडूचा खेळ आठवड्यातून एकदा सर्वांनीच खेळला, तर त्या दिवशी तोही इतरांच्या बरोबरीने मैदानात असतो.

स्थानिक परिस्थितीचाही विचार हवा. जबलपूरच्या पश्चिमेकडील ‘हवेली’ म्हणून ओळखली जाणारी जमीन काळीभोर आहे. पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि खोखोसाठी बसणेही अशक्य होते. मदनमहालच्या बाजूला खडक डोके वर काढतो, तेथे पडणाऱ्याच्या गुडघ्यांची काळजी घ्यावी लागते. उन्हाळ्यात दुपारचे मैदान मुलांना सोसण्यासारखे नसते. म्हणून शिक्षकापाशी ऋतूप्रमाणे खेळांच्या तीन याद्या असाव्यात: हिवाळ्यासाठी पळापळीचे, पावसाळ्यासाठी ओसरीतील व सभागृहातील, आणि उन्हाळ्यासाठी सकाळच्या पहिल्या तासाचे किंवा सावलीतील. हे काम मुख्याध्यापकांनी वेळापत्रक आखतानाच करावयाचे असते. दुपारी दोनला खेळाचा तास ठेवून मग मुले खेळत नाहीत, अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. सर्वांना खेळविण्याच्या नादात चांगले खेळाडू तयार होणार नाहीत, असे म्हटले जाते. आक्षेप निष्कारण नाही. गुणवान मुलाला कस लागणारा प्रतिस्पर्धी हवाच. पण त्याची जागा सायंकाळच्या सरावात आणि आंतरशालेय सामन्यांत आहे. शिवाय ज्या शाळेत चारशेपैकी चारशे मुले खेळतात, तेथे निवडीला चारशे मुले उपलब्ध असतात. जेथे चाळीसच खेळतात, तेथे निवड चाळिसांतून होते. आठवीपर्यंत मागे राहिलेले मूल दहावीत अकस्मात उंच होते, चपळ होते. तोपर्यंत त्याने मैदान सोडलेले नसावे, एवढीच अट आहे.

२०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. त्याचा अर्थ या विषयाच्याही लेखी परीक्षा घ्याव्यात, असा कोणी करू नये. या तासाची परीक्षा दुसऱ्या रीतीने होऊ शकते आणि ती घेण्यास दोन मिनिटे पुरतात. घंटा होण्यापूर्वी शिक्षकाने मुलांना ओळीत उभे करावे आणि पाहावे, की किती जणांच्या कपाळावर घाम आहे. किती जणांच्या कपड्यांना माती लागली आहे. आणि ज्याचे नाव पूर्वी शेवटी घेतले जाई, तो आज कोणाशी बोलत उभा आहे. ज्यांचे कपडे स्वच्छच राहिले, त्यांची नावे वहीत टिपून घ्यावीत. पुढच्या तासाची आखणी त्या नावांपासून सुरू करावी.